आबांचा उजवा हात

१

आबांचा उजवा हात मी परत आणणार, असं मी गेल्या वर्षी सगळ्या घरासमोर सांगून टाकलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, वाल्मिक. दिवाळीच्या तोंडावर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय लवकरच सुधारला, तोंड तर कधी थांबलंच नव्हतं, पण उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. डॉक्टर म्हणाले, आता येईल तेवढा येईल. मी म्हटलं, बघू.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. भिंगारच्या बाजारपेठेत माझं क्लिनिक आहे. तिथं माणूस कुरकुरत आत येतो आणि मुकाट बाहेर जातो, अशी माझी ख्याती आहे. निवृत्त सुभेदारसुद्धा माझ्यासमोर आवाज चढवत नाहीत. तेव्हा बापाच्या हातापुढं मी हात टेकावेत, हे होणार नव्हतं.

त्या हातानं आबा मासे धरायचे. गांडूळ लावून काठावर डुलक्या काढत बसायचं, तसं नाही. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते, तेव्हा एका पहाडी साहेबानं त्यांना माशीची शिकार शिकवली. गळाला कोंबड्याची पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची. मग लांब, लवचीक रॉडनं जाड लाईन डोक्यावरून मागंपुढं खेळवत ती माशी पाण्यावर अलगद ठेवायची. साहेबाच्या मुलखात तिला ट्राउट मासे येतात. आपल्याकडं ट्राउट नाहीत, पण अकोले तालुक्याच्या डोंगरांत खडस आहे, ज्याला शहरातले लोक महाशीर म्हणतात. खडस माशीला आला की माणूस जेवणखाण विसरतो. धरलेला प्रत्येक मासा आबा पाण्यात परत सोडतात. आईला ही गोष्ट इतक्या वर्षांच्या संसारानंतरही पटलेली नाही. मलाही हे वेड त्यांनीच लावलं.

हातासाठी मी आमचा हुकमी उपाय केला. रोज सकाळी त्यांचा चांगला डावा हात ओव्हनच्या जाड हातमोज्यात घालून बांधून टाकायचे. चांगला हात बांधला की आळशी हाताला काम करावंच लागतं.

"चोराला बांधत्यात तसं बांधलंय मला," आबा आल्यागेल्याला सांगायचे. "पोटची पोरगी हाय म्हनून गप बसलोय."

ते गप कधीच बसले नाहीत. पण वर्षभरात हात थोडा वर यायला लागला. तांब्या धरायला दिला की मात्र खाली पडायचा. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचं मांस वाळून खड्डा पडला होता, आणि रोज तेल लावताना माझं बोट त्या खड्ड्यात बरोबर बसायचं. मला त्या खड्ड्याचा राग यायचा.

२

घोडतळ्याला जायची टूम आबांनीच काढली. राजूरच्या पुढं, घाटमाथ्याला चिकटून, डोंगराच्या बगलेत ते तळं आहे. तीन बाजूंनी कडे आणि चौथ्या बाजूला जुना दगडी बांध. बांधाच्या मधोमध सांडवा आहे, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जायची वाट. पावसाळा संपला की तिथं घोट्याएवढंच पाणी राहतं आणि त्यातून चालत पलीकडच्या काठाला जाता येतं. एका काठाला गाडी येते, दुसऱ्या काठावरून पायवाट खाली वाडीवर उतरते. वर्षाचे बाराही महिने तिथं कोणी नसतं.

"एकदा लाईन टाकून बघू दे," आबा म्हणाले. "मग बांध मला खाटंला."

मी अट घातली. रॉड उजव्या हातात, मनगटाला पट्टा बांधून. डाव्या हातानं नुसती लाईन सांभाळायची, रॉडला लावायचा नाही.

"बरं," आबा म्हणाले. इतक्या लवकर ते कधीच बरं म्हणत नाहीत. पण मी खुशीत होते, म्हणून सोडून दिलं.

भिंगारहून पहाटे निघालो. राहुरीला चहा घेतला, संगमनेरला आबांनी चहा बरा नव्हता म्हणून पुन्हा घेतला. तळ्यावर पोचलो तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. पाणी गुळगुळीत होतं आणि मधेच कुठंतरी मासा वर येऊन गोल उठवून जायचा. मी आबांच्या मनगटाला पट्टा बांधला.

"मी पलीकडं जातो," आबा म्हणाले. "तिकडं सावली हाय."

आभाळ भरून आलेलं होतं, सावली सगळीकडंच होती. मी समजले. त्यांना माझ्या डोळ्यासमोर हात चालवून बघायची लाज वाटत होती. मी म्हटलं, जा, पण सांडव्यात सांभाळून. ते पायानं दगड चाचपत पलीकडं गेले आणि झुडपांमागं दिसेनासे झाले.

३

आम्हा दोघांची एक रीत आहे. पाण्यावर आम्ही हाका मारत नाही. एकमेकांकडं बघतही नाही, कारण नजर पाण्यावरून हलली की मासा हुकतो. दुसऱ्याची खबर कानांनी ठेवायची. लाईन मागं जाते तेव्हा सूं असा आवाज होतो. ती मागं सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढं पुन्हा सूं. मधला थांबा ज्याचा त्याचा असतो. आबांचा थांबा मी झोपेतही ओळखेन. लाईन वाजतेय म्हणजे माणूस ठीक आहे, एवढं आम्हाला पुरतं.

पलीकडची लाईन रडतखडत वाजत होती. सूं, मग गवतात अडकल्याची फडफड, मग आबांची एक अस्सल शिवी, मग पुन्हा सूं. मला फार बरं वाटलं. हात चालत होता. वाईट चालत होता, पण चालत होता.

थोड्या वेळानं कड्यावरून ढग उतरला. या दिवसांत तिथं उतरतोच. आधी पलीकडची झुडपं गेली, मग पाण्याचा मध्य गेला, आणि माझ्यासमोर पाण्याचा एक अंगणाएवढा तुकडा उरला. मी मासेमारी चालू ठेवली. ढगात मासा धीट होतो.

तेव्हा दुसरी लाईन ऐकू आली.

ती पलीकडून नव्हती. माझ्याच काठावरून, डावीकडून, जिथं ओढा तळ्यात शिरतो तिथून येत होती. सूं, थांबा, सूं. अडकणं नाही, फडफड नाही. थांबा आबांचा होता. मी शाळेत असताना ऐकलेला, उमेदीतल्या आबांचा. माझा हात आपोआप खाली आला आणि मी ऐकत उभी राहिले.

आधी वाटलं, कड्याचा पडसाद. पण पडसाद मूळ आवाजापेक्षा चांगला कसा निघेल? मग मी नीट विचार केला. मला विचार करायची सवय आहे. आबा कड्याखालून तळ्याला वळसा घालून ओढ्याशी आले असणार. तिथं त्यांचा हात बसला, वर्षभराची मेहनत एकदम फळाला आली. असं होतं, पेशंटच्या बाबतीत मी पाहिलेलं आहे. आणि पलीकडचा तुटका आवाज हा त्यांच्याच लाईनचा पडसाद, दगडांवर आपटून मोडलेला. सुबक आवाज आबांचा आणि तुटका कड्याचा. हे मला इतकं पटलं की मी तिथंच विचार संपवला.

खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले होते.

४

"धना."

मागून आवाज आला. आबा ढगातून चालत येत होते. रॉड उजव्या हातात होता. मनगटाला पट्टा नव्हता. रॉडचं टोक जमिनीला न लागू देता त्यांनी तो हलक्या हातानं तोलून धरला होता, पूर्वी धरायचे तसा.

"मी म्हटलं होतं की नाही," मी म्हणाले.

"व्हय. तू म्हनली हुतीस."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तसं करत नाहीत, म्हणून मी त्यांच्या हातातला रॉड घेतला आणि माझ्या रॉडबरोबर गुंडाळायला लागले.

"चल घरी," आबा म्हणाले. "झालं."

"इतक्यात? एक तरी मासा?"

"तू म्हनशील तसं."

पण ते गाडीकडं चालायला लागले होते. पलीकडून अजून आवाज येत होता. सूं, फडफड, सूं. मी थांबून कान दिला.

"हे काय वाजतंय हो अजून?"

"वारं हाय," आबा मागं न बघता म्हणाले.

वारं नव्हतं. ढग जागचा हलत नव्हता. पण कड्यांच्या मधे वारा कुठून कसा फिरेल ते खाली कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि गाडी सुरू केली. निघता निघता पलीकडून एक शिवी ऐकू आली. बारीक, पण स्वच्छ. मी काच वर केली.

५

घाटातल्या दुसऱ्या वळणावर ढग संपला. मी हळू चालवत होते आणि एकटीच बोलत होते. आईला काय सांगायचं, डॉक्टरांना कसं तोंडावर दाखवायचं, हातमोजा आता ओव्हनला परत द्यायचा. आबांनी बाटली उचलली, उजव्या हातानं झाकण फिरवून उघडली, पाणी प्यायले आणि झाकण घट्ट लावून ठेवली.

"खाली चहा घेऊ," मी म्हटलं. "मघाशी तुम्हाला आवडला नव्हता ना."

"तू म्हनशील तसं."

तेव्हा कुठंतरी टोचलं. तळ्यापासून इथपर्यंत या माणसानं एकही तक्रार केली नव्हती. गाडीत पाय आखडतात, काच लावली की गुदमरतं, पोरी तू ब्रेक लई मारती, यातलं काही नाही. आणि ती शिवी. पडसादाला शिवी द्यायला आधी कोणीतरी द्यावी लागते. माझ्याजवळच्या आबांनी दिली नव्हती.

मी गाडी कडेला घेतली.

"हात बघू," मी म्हणाले. क्लिनिकमध्ये म्हणते त्याच सुरात.

त्यांनी उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी तळहात उलटा केला आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं. खड्डा नव्हता. जागा भरलेली, घट्ट, मांसल होती. सकाळी तेल लावताना माझं बोट तिथं आत गेलं होतं. वाळलेला स्नायू भरायला महिनोन्‌महिने लागतात. चांगल्यातला चांगला पेशंट असला तरी तो एका सकाळीत भरत नाही. हे मला जगात सगळ्यात नीट माहीत आहे, तेच माझं काम आहे.

मी हात तसाच धरून बसले. चेहरा आबांचा होता, भुवईतली खूणही होती. ते माझ्याकडं मायेनं बघत होते. इतक्या उघड मायेनं आबांनी माझ्याकडं कधी बघितलेलं नाही.

मला भीती वाटली. मला सहसा वाटत नाही, म्हणून ती ओळखायलाच वेळ लागला. आणि मग तिच्याहून मोठी गोष्ट लक्षात आली. वर तळ्यावर, ढगात, पलीकडच्या काठावर माझा बाप एकटा लाईन टाकत होता. मी गेलेय हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

"माझं जॅकेट वर राहिलं," मी म्हणाले. "परत जाऊ या."

जॅकेट माझ्या अंगात होतं.

"तू म्हनशील तसं," तो म्हणाला.

६

वरपर्यंत मी रस्त्यावरून नजर काढली नाही. शेजारी श्वास ऐकू येतो का, हेही ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. बांधाशी गाडी थांबवली, किल्ली खिशात टाकली आणि उतरले. "बसा, आलेच," असं म्हणालेसुद्धा. सवयीचं बोलणं कुठं सुटतं.

ढग तसाच होता. पलीकडून आवाज आला. सूं, फडफड. तो घाणेरडा, अडखळणारा आवाज ऐकून मला रडू फुटलं. मी सांडव्यात पाय घातला. पाणी थंडगार होतं आणि दगड शेवाळलेले, तरी मी भरभर चालले.

मध्यापर्यंत गेले तेव्हा मागं गाडीचं दार वाजलं. मग पाण्यात पाऊल पडलं. मी पाऊल टाकलं की मागं एक पडायचं, मी थांबले की तेही थांबायचं. मी स्वतःला म्हटलं, हा बांधाचा आवाज आहे, दगडी बांध आवाज परत देतो. हे म्हणताना माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

समोर ढगात आबा दिसायला लागले. सांडव्याच्या टोकाला उभे होते, रॉड डाव्या हातात. पट्टा सोडून फेकलेला. उजवा हात विजारीच्या खिशात खोचलेला. म्हणजे म्हाताऱ्यानं सकाळभर मला फसवून डाव्यानं लाईन टाकली होती, त्यासाठीच पलीकडं गेला होता. त्यांनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखं तोंड केलं, काहीतरी बोलायला उघडलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली.

मी आबांना पॅरालिसिसच्या झटक्यात जमिनीवर पडताना पाहिलं आहे. तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"धना," ते अगदी हळू म्हणाले. "मागं बघू नको. सरळ ये. मान खाली घाल."

मी मान खाली घातली. डोक्यावरून सूं झालं, एकदा मागं, एकदा पुढं. मधला थांबा बरोबर होता. लाईन माझ्या केसांना न लागता वरून गेली, आणि पाण्यावर पडल्याचा आवाज आला नाही. मागची पावलं थांबली.

मग आबांच्या रॉडवरच्या रिळातून लाईन सुटल्याचा कर्कश आवाज सुरू झाला.

७

मी काठाला पोचले तेव्हा रॉड कमानीसारखा वाकला होता. लाईन ताठ होऊन सांडव्यावरून ढगात शिरत होती. मासा लागला की लाईन खाली, पाण्यात जाते. ही छातीच्या उंचीवरून सरळ जात होती, आणि मग हळूहळू वर, बांधाच्या चढाकडं. एवढंच मी पाहिलं. लाईनच्या टोकाला काय होतं ते मी पाहिलेलं नाही.

"आबा, सोडा तो रॉड."

ते ऐकत नव्हते. चेहऱ्यावरची भीती गेली होती आणि तिथं शिकाऱ्याची हाव आली होती. ओढ त्यांना एकेक पाऊल पाण्यात नेत होती. आणि तेव्हा त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला. वर उचलला गेला. बोटं उघडली, रॉडच्या मुठीवर बसली आणि आवळली. मी वर्षभर ज्याच्यासाठी धडपडले ती पकड माझ्या डोळ्यासमोर होती. सांधे पांढरे पडावेत इतकी पक्की.

"माझा हात हाय त्यो," आबा म्हणाले. "धना, माझा हात येतोय बघ. जरा दम धर."

ते गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले होते. ओढ कमी होत नव्हती. मी त्यांच्या कमरेला मिठी घातली तर ओढ मलाही घेऊन निघाली. त्या हाताकडं मी बघितलं. मला तो हवा होता. माझ्याइतका तो कोणालाच हवा नसेल, आबांनासुद्धा नाही. लाईन कापायची छोटी कात्री माझ्या गळ्यात असते. मी ती काढली आणि लाईन कापली.

रॉड सरळ झाला. आम्ही दोघं मागं दगडांवर पडलो. आबांचा उजवा हात पाण्यात पडून राहिला. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी खड्डा होता.

मग आबा कुरकुरले, की ओल्या विजारीनं त्यांना सर्दी होणार आणि त्याला मी जबाबदार. इतकं गोड मला आजवर काही लागलेलं नाही.

गाडी आम्ही तिथंच सोडली. पायवाटेनं वाडीवर उतरलो. तिथं पुंजाराम म्हणून एकाची जीप होती, तो राजूरपर्यंत सोडायला तयार झाला. मी पुढं बसायला नकार दिला आणि आबांच्या शेजारी मागं बसले. त्यांचा डावा हात मी हातात धरून ठेवला होता. उद्यापासून तो बांधायचा नाही, एवढं माझं ठरलं होतं.

जीप डांबरीवर आली तशी मला जरा उभारी आली. मासा सुटला की शिकारी एकमेकांना जे विचारतात ते मी विचारलं. नुसती सवय, दुसरं काही नाही.

"किती असेल हो?"

आबांनी खिडकीबाहेर बघत हिशेब केला. लाईनच्या ओढीवरून ते वजन सांगतात आणि ते चुकत नाही.

"माझ्याएवढा," ते म्हणाले.